स्टिअरिंग व्हील घेण्याआधी

भाऊ, जळगावात व्हिडिओ गेम खेळायचं सेकंडहँड व्हील स्वस्तात मिळतंय म्हणून लगेच पैसे मोजू नकोस. आधी तासभर खेळून बघ. मे महिन्यात हाताला घाम सुटला की पकड सुटते का, तेही बघ.

असल्या वेगळ्या कंट्रोलरच्या नुसत्या दिसण्यावर जाऊ नकोस. १९८९ चा पॉवर ग्लोव्ह, म्हणजे हातमोज्यासारखा गेम कंट्रोलर, दिसायला भारी, पण हाताची हालचाल नीट पकडायचा नाही. २००६ चा वी रिमोट, म्हणजे वी या गेम कन्सोलचा हातात धरायचा कंट्रोलर, मात्र रॅकेटसारखा फिरवला की आजीलाही टेनिस जमायचं.

माझ्या लेखी खरा शोध म्हणजे २०१८ चा एक्सबॉक्स ॲडाप्टिव्ह कंट्रोलर. दोन मोठी काळी बटणं, मागे १९ जॅक. पायाचं, कोपराचं, जमेल ते बटण जोडायचं. ज्याला साधा कंट्रोलर धरता येत नाही, तोही खेळतो. याला कुणी फॅड म्हटलं तर मी भांडेन.

आणि हो, व्हीलसोबत पेडल देतोय का, विचार.