वाचक विचारतात : वारसा सरकारचा की मालकाचा?

प्रश्न : पॅरिसच्या आग्नेयेला मॅंसी गावाजवळ असलेला ‘व्हो-ल-व्हिकाँत’ हा शातो (फ्रेंच सरदारी महाल) खासगी मालकीचा असल्याचे वाचले. मग मालक त्यात हवे ते फेरफार करू शकतो का?

उत्तर : नाही. ३१ डिसेंबर १९१३ च्या फ्रेंच कायद्यानुसार संरक्षित म्हणून वर्गीकृत झालेल्या वास्तूत सरकारी परवानगीशिवाय दुरुस्तीही करता येत नाही. मालकी मालकाचीच राहते आणि देखभालीचा मुख्य भारही त्याच्यावरच असतो, मात्र मंजूर कामांसाठी अनुदान मिळू शकते. १९४३ पासून अशा वास्तूंच्या ५०० मीटर परिसरातील बांधकामांवरही नियंत्रण आले.

चौदाव्या लुईचा अर्थाधिकारी निकोला फुके याने वास्तुकार ल व्हो, चित्रकार ल ब्रं आणि उद्यानरचनाकार ल नोत्र यांच्याकडून हा शातो उभारून घेतला. १७ ऑगस्ट १६६१ रोजी त्याने राजाला येथे थाटाची मेजवानी दिली आणि तीन आठवड्यांच्या आतच त्याला अटक झाली. (अटकेचा बेत आधीच शिजत होता, त्यामुळे सगळा दोष मेजवानीला देणे बरोबर नाही.) दिवाणखान्याच्या घुमटासाठी ल ब्रंने योजलेले चित्र कायमचे राहून गेले, फुकेचे चिन्ह असलेल्या खारी मात्र वास्तूच्या सजावटीत आजही दिसतात. १८७५ मध्ये साखर कारखानदार आल्फ्रेद सोमिए यांनी ही दुर्लक्षित मालमत्ता लिलावात घेऊन तिचा जीर्णोद्धार केला. त्यांच्याच वंशजांनी १९६८ पासून ती लोकांसाठी खुली केली.