उलथनं कुणाच्या हातात आहे ते आधी बघा

ताई, तुमचा प्रश्न मला कळला तो असा: एप्रिलमध्ये तोक्यो, ओसाका, हिरोशिमा असा दहा दिवसांचा दौरा, बरोबर नवरा, सात वर्षांचा मुलगा आणि सासूबाई (अंडं चालतं, मासा-मटण नाही), आणि ते टेबलावरच्या तव्यावर भाजायचं ओकोनोमियाकी खायचंच आहे, पण ते स्वतः करावं लागतं का आणि उलटताना फजिती झाली तर काय. वर दोघातिघांनी "ओसाकाला जा, मस्त असतं" एवढंच लिहिलंय म्हणून जरा सविस्तर लिहितो. मी कोबेला राहतो, अकरावं वर्ष चालू आहे, आणि हो, कोबेत राहून कोबीवर निबंध लिहितोय हा विनोद घरी करून झालाय.

ओकोनोमियाकीला लोक "जपानी पॅनकेक" म्हणतात, पण सगळ्यात आधी डोक्यातून तो पॅनकेक काढून टाका. त्या नावाने माणूस गोड, मऊ, पिठाचं काहीतरी डोळ्यासमोर आणतो. यात निम्म्याहून जास्त कोबी असतो, बारीक चिरलेला, आणि पीठ फक्त त्याला धरून ठेवण्यापुरतं. आपल्याकडचं जवळचं काही म्हणाल तर कोबी घातलेलं जाडजूड धिरडं, पण धिरडं आपण पातळ पसरतो आणि हे मुद्दाम जाड ठेवतात, चांगलं दोन-अडीच सेंटिमीटर. ओकोनोमि म्हणजे ज्याला जसं आवडेल तसं, याकी म्हणजे भाजलेलं, त्यामुळे आत काय घालायचं ते ज्याचं त्याने ठरवायचं.

आता मुद्दा. दुकान निवडताना लोक रेटिंग बघतात, फोटो बघतात, मी म्हणतो उलथनं कुणाच्या हातात आहे ते बघा. तुमची संध्याकाळ कशी जाणार ते त्यावर ठरतं. ओसाकात बऱ्याच नावाजलेल्या दुकानांत तेच लोक भाजतात, एकतर तुमच्यासमोर नाहीतर आत, आणि तयार झालेलं आणून तुमच्या टेबलाच्या तव्यावर ठेवतात, तो तवा मग फक्त गरम राहण्यापुरता. दोतोंबोरीतलं मिझुनो, १९४५ पासूनचं, तिथे सगळं तेच करतात, तुम्ही रांगेत उभं राहायचं आणि खायचं. हिरोशिमात तर तुम्हाला हात लावायचा प्रश्नच नाही, काउंटरच्या पलीकडे माणूस उभा असतो आणि तो जे करतो ते आपल्याच्याने होणार नाही. स्वतः भाजायची हौस असेल तर तोक्यो बरं, आसाकुसात सोमेतारो नावाचं १९३७ सालचं दुकान आहे, जुनं लाकडी घर, तातामीवर म्हणजे जमिनीवरच्या गवती चटईवर बसायचं, समोर तवा, वाडगं आणून देतात आणि तुमचं तुम्ही करा. पण सासूबाईंच्या गुडघ्यांचं बघा, तातामीवर दीड तास मांडी घालून बसणं आपल्याकडच्या ज्येष्ठांना जमतं असं आपण धरून चालतो, प्रत्यक्षात मग उठताना नवऱ्याला हात द्यावा लागतो.

स्वतः भाजायचं असेल तर वाडग्यात तळाला पीठ, वर कोबीचा डोंगर, त्यावर अंडं आणि बाजूला किंवा वरच पोर्कच्या पातळ पट्ट्या असं येतं (ते बुताताम, सगळ्यात साधं आणि माझ्या मते सगळ्यात चांगलं). पिठात बहुतेक ठिकाणी नागाइमो म्हणून एक कंद किसून घातलेला असतो, किसला की भेंडीसारखा बुळबुळीत होतो, त्यानेच ते आतून हलकं राहतं. तवा तापल्याशिवाय कालवू नका, कारण कालवून ठेवलं की कोबीला पाणी सुटतं. चमच्याने खालून वर, खालून वर असं हवा घेत पटकन कालवायचं, भज्याचं पीठ फेटतो तसं घोटत बसायचं नाही. तेल लावायचं, ओतायचं, गोल करायचं, वर पोर्कच्या पट्ट्या ठेवायच्या आणि मग हात मागे. पाचेक मिनिटं काही म्हणजे काही करायचं नाही. कडा कोरड्या दिसायला लागल्या की दोन उलथनी दोन बाजूंनी पार खाली सरकवायची आणि मनगटाने झटकन उलटायचं. भीत भीत उलटलं की फुटलंच समजा. मग दुसरी बाजू पाच-सहा मिनिटं, मग परत एकदा उलटून दोनेक मिनिटं.

आणि दाबायचं नाही. हे वेगळं लिहितोय कारण आपल्या हाताला दाबायची सवय आहे. माझी आई पहिल्यांदा आली तेव्हा आम्ही घराजवळच्याच एका दुकानात गेलो, मी मेन्यू वाचण्यात गुंतलो होतो आणि आईने उलथनं उचललं आणि थालीपीठ दाबावं तसं मधोमध दोनदा दाबलं, चर्र असा आवाज आला, वाफ निघाली, आणि काउंटरमागच्या आजी अक्षरशः धावत आल्या. दोन्ही हातांनी फुली करून "दामे, दामे" (नको, नको) म्हणाल्या आणि मग लगेच तीनदा वाकून माफी मागितली. आईला वाटलं आपण तवा बिघडवला. दाबलं की आतली वाफ आणि हवा निघून जाते, कोबी आतल्या आत शिजतो तो त्या वाफेवरच, मग ते गच्च आणि ओलं होतं. आईचं मत मात्र आजही असं आहे की मधे एक भोक पाडून तेल सोडलं असतं तर छान खरपूस झालं असतं. असो.

भाजायचं टेन्शन आलं तर सरळ म्हणायचं "याइते मोराएमासु का", म्हणजे तुम्ही भाजून द्याल का. बहुतेक ठिकाणी हसत हसत देतात. उलट काही दुकानांत भाजणं त्यांचंच काम असतं आणि तुम्ही हौसेने उलथनं उचललं तर "सावारानाइदे" ऐकू येईल, म्हणजे हात लावू नका, त्याचं वाईट वाटून घेऊ नका.

वर सॉस लावतात तो पहिल्या घासाला आपल्याला ओळखीचा वाटतो. ओताफुकु ही हिरोशिमाची कंपनी, १९२२ पासूनची, त्यांनी १९५२ मध्ये खास ओकोनोमियाकीसाठी सॉस काढला कारण आधीचा वूस्टर सॉस पातळ असायचा आणि तव्यावर वाहून जायचा. त्या सॉसमध्ये खजूर असतो. म्हणजे भेळेची खजुराची चटणी आठवते ती उगाच नाही. त्यावर मेयोनीज, मग आओनोरी म्हणजे शेवाळाची हिरवी पूड (दातात अडकते, फोटो आधी काढा) आणि शेवटी कात्सुओबुशी, सुकवलेल्या माशाचे कागदासारखे पातळ काप, ते वाफेवर हलतात. माझी मुलगी तीन वर्षांची असताना "बाबा, हे जिवंत आहे" म्हणून खुर्चीवरून उतरली होती, तुमच्या मुलाला आधीच सांगून ठेवा.

आता सासूबाई. इथे मी गोड बोलणार नाही. नुसतं "पोर्क नको, मासा नको" म्हणून भागत नाही. कात्सुओबुशी वगळता येतं, "कात्सुओबुशी नुकि दे ओनेगाइशिमास" म्हणा, कुणीही ऐकेल. पण पीठच बहुतेक ठिकाणी दाशीत, म्हणजे माशाच्या पाण्यात भिजवलेलं असतं, ते आधीच तयार असतं, त्यातून मासा काढता येत नाही. तेनकासु म्हणून तळलेल्या पिठाचे कुरकुरीत दाणे घालतात त्यात कोळंबीचा अंश असू शकतो, सॉसमध्येही ऑयस्टर किंवा मांसाचा अर्क असू शकतो. आणि तवा तर सगळ्यांचा एकच. दिसायला चीज-मोची (मोची म्हणजे तांदळाची चिकट वडी) ओकोनोमियाकी शाकाहारी वाटतं आणि वेटर पण प्रामाणिकपणे "मांस नाही" म्हणतो, कारण दाशीला इथे कुणी मांस धरतच नाही. त्यामुळे सासूबाईंचं "चालत नाही" म्हणजे तुकडा समोर दिसला नाही तर चालेल असं आहे की अंशही नको, हे निघायच्या आधी घरीच बोलून घ्या, तव्यासमोर बसून नको. अंशही नको असेल तर खास व्हीगन ओकोनोमियाकी करणारं दुकान शोधून आधी बुकिंग करा, मोठ्या शहरांत मिळतात. नाहीतर एक दिवस किचन असलेली खोली घ्या, सुपरमार्केटमधून मैदा, कोबी, नागाइमो, अंडी आणा, कोंबु शेवाळाचं पाणी काढून त्यात पीठ भिजवा आणि सॉसचं लेबल फोनवर भाषांतर करून बघा. माझ्या आईसाठी आम्ही हेच करतो, आणि तिथे ती दाबते सुद्धा.

तुमच्यापैकी कुणी बीफ खात नसेल तर मेन्यूवर "ग्यूसुजि" किंवा "सुजिकोन" दिसलं की ते टाळा, ते गायीच्या मांसातले चिवट पट्टे (टेंडन) असतात, सुजिकोनमध्ये कोन्न्याकुबरोबर, म्हणजे एका कंदाच्या जेलीसारख्या वडीबरोबर शिजवलेले. आणि "सोबा" म्हणजे एरवी बकव्हीटच्या (कुट्टूच्या) नूडल्स, पण इथे तो शब्द बघून ते बकव्हीटचं असेल असं समजू नका, ओकोनोमियाकीतल्या नूडल्स गव्हाच्याच असतात.

हिरोशिमासाठी एक संध्याकाळ मोकळी ठेवाच. तिथे कालवत नाहीत, थर लावतात. तव्यावर पळीभर पातळ पीठ आंबोळीसारखं गोल फिरवतात, पण आंबोळीपेक्षाही पातळ, वर माशाची पूड, मग कोबीचा ढीग, एवढा की हा आता सांडणार असं वाटतं, कडधान्याचे लांब पांढरे मोड, पोर्क, वरून थोडं पीठ शिंपडून सगळं एकदम पालथं. आता ती पातळ चकती झाकणासारखी वर येते आणि कोबी तिच्याखाली वाफवतो, ढीग हळूहळू बसत जातो. शेजारी नूडल्स परतलेल्या असतात, त्यावर हा डोलारा उचलून ठेवतात, मग बाजूला अंडं फोडून गोल पसरवतात आणि सगळं त्या अंड्यावर, परत एकदा पालथं. पंधरावीस मिनिटं तुमच्यासमोर हे चालतं आणि सात वर्षांचा मुलगा त्या वेळात मोबाईल मागत नाही. ओकोनोमिमुरा म्हणून इमारत आहे, तीन मजल्यांवर वीसेक छोटी दुकानं, प्रत्येकात तव्याला लागून काउंटर. पर्यटकी आहे, पण मुलं बरोबर असतील तर सोपं पडतं. तिथे "हिरोशिमायाकी" म्हणू नका, तिथल्या लोकांसाठी तेच खरं ओकोनोमियाकी, बाकीच्यांनी आपापली विशेषणं लावावीत. आपल्याकडे मिसळीवरून कोल्हापूर-पुणे-नाशिक जे चालतं तेच.

युद्धाआधी हिरोशिमात इस्सेन योशोकु म्हणून एक सेनमध्ये (सेन म्हणजे येनचा शंभरावा भाग) मिळणारी पिठाची पातळ घडी होती, पोरांचा खाऊ. अणुबॉम्बनंतर खायला काही नव्हतं, अमेरिकेकडून गव्हाचं पीठ आलं, आणि त्या खाऊचं पोटभरीचं जेवण झालं, नूडल्स नंतर आल्या. आजही तिथल्या कितीतरी दुकानांच्या नावाला शेवटी "चान" (लाडाने हाक मारताना नावापुढे लावतात ते) असतं, युद्धात नवरे गेलेल्या बायकांनी घराच्या पुढच्या खोलीत तवा मांडला आणि हाक मारायचं नाव तेच दुकानाचं नाव झालं असं तिथले लोक सांगतात. सकाळी अणुबॉम्बचं म्युझियम बघून संध्याकाळी त्या काउंटरला बसलात तर घास जरा वेगळा लागेल.

तोक्योत मोंजायाकी कुणी सुचवेल. त्सुकिशिमाला तिची आख्खी गल्ली आहे. फोटोत भयंकर दिसतं, तवा कुणी पुसायचा राहिलाय असं, पण माझं हे गुपचूप आवडतं आहे. कोबी वगैरे आधी परतून त्याचं आळं करायचं, झाडाला करतो तसं, मधल्या खळग्यात पातळ पीठ ओतायचं, ते बुडबुडायला लागलं की सगळं एक करून पसरायचं आणि बोटाएवढ्या छोट्या उलथन्याने कडेकडेने तव्यावर दाबून खरवडून खायचं. इथे दाबायला परवानगी आहे! ज्या घरात पातेल्याच्या खरवडीवरून भांडणं होतात त्या घराने हे जरूर खावं. फक्त आळं फुटून पीठ टेबलाच्या कडेला वाहतं, पहिल्या वेळी सगळ्यांचंच वाहतं.

किरकोळ: एक ओकोनोमियाकी साधारण हजार ते दीड हजार येनच्या आसपास, चौघांत तीन पुरतात, टिप द्यायची नाही. तव्याची लोखंडी कड सुद्धा तापते, मुलाला तव्यापासून लांबच्या कोपऱ्यात बसवा. कपड्यांना वास लागतो, काही ठिकाणी कोट ठेवायला पिशवी देतात, ती घ्या. थेट उलथन्याने खाणं स्टाइलमध्ये दिसतं पण ओठ भाजतात, ताटली आणि चॉपस्टिक घेतल्या तर कुणी हसत नाही. आणि उलटताना फुटलंच तर दोन उलथन्यांनी कडा आत लोटून गोल करा, वर सॉस आला की कुणाला कळत नाही, आमच्याकडे अकरा वर्षांत किती फुटली त्याचा हिशोब नाही.

कोबेला उतरणार असाल तर नागाताला या. १९९५ च्या भूकंपात हा भाग जळून गेला होता, त्याआधी आणि नंतरही इथे चपलाबुटांचे कारखाने, आणि कामगारांसाठी गल्लीबोळात तव्याची दुकानं. तिथे सोबामेशी मिळतो. कुणीतरी डब्यातला थंड भात आणून "नूडल्सबरोबर हाही परता" म्हणालं आणि दुकानात दोन उलथन्यांनी नूडल्स-भात एकत्र कापून परतला गेला असं सांगतात, म्हणजे फोडणीचा भातच की. पोर्क-बीफ काय घालतात ते विचारून घ्या. आणि गुरुवारी येऊ नका, आमचं नेहमीचं दुकान बंद असतं.