ती वही जाळायला नको होती

प्रश्न: आम्ही खानापूर तालुक्यातले. माझा भाजीचा टेम्पो आहे, बेळगाव-गोवा. मुलगा यंदा पीयूसी सेकंड इयर, म्हणजे बारावी पास झाला, पीसीएमबी (फिजिक्स, केमिस्ट्री, गणित, बायॉलॉजी) घेऊन. गणित 91, फिजिक्स 84, बायॉलॉजी 58. नीटमध्ये काही जमलं नाही. रात्र रात्र कॉम्प्युटरवर ‘असेटो कोर्सा’ नावाचा गाडीचा गेम खेळतो. कुणाचं तरी जुनं स्टीअरिंग विकत आणलंय. टायरची हवा, स्प्रिंग, फेरीला लागलेला वेळ असं काहीबाही वहीत लिहीत बसायचा. रागाच्या भरात स्टीअरिंग माळ्यावर टाकलं, वही चुलीत घातली. आता त्याला लातूरला नीट पुन्हा देणाऱ्यांच्या रिपीटर बॅचला घालतोय. तो इंजिनिअरिंग म्हणतो. पाहुणे म्हणतात, एवढं वेड आहे तर पुण्याला गेम डिझाइनच्या कोर्सला घाला. काय करावं?

उत्तर: नमस्कार. मार्कांचं बघू, ते चांगलेच आहेत. मला काळजी वाटली ती त्या वहीची. हवा थोडी कमी केली, फेरीला वेळ किती लागला. स्प्रिंग कडक केली, मग किती लागला. पोरगा एका वेळी एक गोष्ट बदलून फरक टिपून ठेवत होता. कुणी न सांगता. इंजिनिअरिंगच्या लॅबमध्ये ही सवय लावता लावता मास्तर थकतात. तुम्ही जाळलात तो त्याचा अभ्यास होता. आधी त्याच्याजवळ बसा आणि ‘माझं चुकलं’ म्हणा. ते झाल्याशिवाय करिअरचं बोलणं काढू नका, तो ऐकणार नाही.

अख्ख्या पत्रात मुलाच्या तोंडचं एकच वाक्य आहे, ‘इंजिनिअरिंग करतो’. बाकी सगळं तुमचं आणि पाहुण्यांचं. गणितात 91 आणि बायॉलॉजीत 58 मिळवणाऱ्या, डॉक्टर व्हायचं नसलेल्या मुलाला वर्षभर लातूरच्या खोलीत कोंडणं मला अजिबात पटत नाही.

पाहुण्यांचा सल्लाही सोडून द्या. गाडीचा गेम आवडतो म्हणून गेम डिझाइन, हा गैरसमज घरोघरी आहे. त्या कोर्समध्ये मुख्यतः खेळाची रचना, लेव्हल, पात्रं शिकवतात. असेटो कोर्सातली गाडी खरी वाटते ती टायरच्या गणितामुळे. इटलीतल्या कुनोस सिम्युलाझिओनीने हा गेम 2014 मध्ये पूर्ण स्वरूपात आणला, त्यातले मोंझासारखे ट्रॅक लेझरने मोजून घेतलेले आहेत. वळणावर टायरचं तोंड ज्या दिशेला असतं, नेमकं त्याच दिशेला चाक सरकत नाही. दोन्हींत थोडा कोन पडतो. हा कोन काही अंशांपर्यंत वाढेल तशी पकड वाढते, पुढे ती कमी होत जाते. हा संबंध सूत्रात बसवण्यासाठी नाव झालं ते नेदरलँड्समधल्या डेल्फ्ट विद्यापीठाचे प्राध्यापक हान्स पासेयका यांचं. गाड्यांच्या संशोधनात त्यांचं सूत्र सर्रास वापरतात, गेमवालेही त्याचा आधार घेतात. चारही चाकांची अशी गणितं सेकंदाला शेकडो वेळा सुटतात, आणि त्यातून निघालेला जोर स्टीअरिंगमधली मोटर हाताला जाणवून देते. हे काम मेकॅनिकल, गणित आणि प्रोग्रामिंग येणाऱ्यांचं आहे.

तुम्हाला तर यातलं बरंच हाताने ठाऊक आहे. चोर्ला घाटात भरलेला टेम्पो उतरवताना तुम्ही वेग वळणाच्या आधीच कमी करता, ऐन वळणात जोरात ब्रेक मारत नाही. ब्रेक लागला की भार पुढे येतो, मागची चाकं हलकी होतात. शिवाय टायरची पकड मर्यादित, ती ब्रेक आणि वळण दोघांना वाटून द्यावी लागते. एकदा त्याला शेजारी बसवून जांबोटीवरून पुढे न्या. कुठल्या वळणाला काय करता, का करता, ते सांगत चला. भाजी भरलेली असताना आणि रिकामं परतताना काय फरक पडतो, तेही सांगा.

आता मुलासाठी. खेळण्याचे तास म्हणजे अभ्यास नव्हे. रात्रीचं जागरण बंद, तासभर पुरे. गेममधून रेसर होण्याच्या भरवशावर राहू नकोस. यान मार्डनबरो 2011 मध्ये जीटी अकॅडमी ही गेम खेळणाऱ्यांतून रेसर निवडणारी स्पर्धा जिंकून खरा रेसर झाला, पण ती स्पर्धा केव्हाच बंद पडली. त्यापेक्षा पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा शीक. गेममधून वेग, ब्रेक, स्टीअरिंगचा कोन यांचे आकडे बाहेर काढता येतात; एका फेरीचे काढ, आलेख मांड आणि वेळ कुठे गेला ते शोध. याचा कंटाळा आला, तर तुला फक्त खेळायला आवडतं, हे वेळेत कळेल. तेही कळायला हवं.

प्रवेशाचं थोडक्यात: केसीईटीच्या, म्हणजे कर्नाटकच्या प्रवेश परीक्षेच्या रँकवर मेकॅनिकल पहिला पर्याय ठेवा. व्हीटीयू या तंत्रज्ञान विद्यापीठाचं मुख्यालय बेळगावातच आहे, संलग्न कॉलेजंही जवळ आहेत. एमएच-सीईटी दिली असेल तर महाराष्ट्रात सीमाभागातल्या मराठी भाषिकांसाठी वेगळी वर्गवारी आहे, तिची कागदपत्रं आत्ताच जमवा. कॉलेज निवडताना फॉर्म्युला भारत या विद्यार्थ्यांनी बांधलेल्या रेसिंग गाड्यांच्या स्पर्धेसाठी गाडी बांधणारा संघ तिथे आहे का, हे विचारा. ती स्पर्धा कोइम्बतूरच्या करी मोटर स्पीडवेवर होते. ऑप्शन एंट्री, म्हणजे कॉलेज आणि शाखांच्या पसंतीची यादी मुलालाच भरू द्या, तुम्ही शेजारी बसा. आणि लातूरला आगाऊ पैसे दिले असतील, तर या आठवड्यातच परत मागा.