पुडीवाल्या पोराला जेल की दवाखाना?

प्रश्न : वकील काका, नमस्कार. मी शिरपूर तालुक्यातला, घरी कापूस आणि थोडी केळी. माझा पोऱ्या पुण्याला इंजिनिअरिंगला आहे, दिवाळीत आला तर जेवताना बोलला की जर्मनीत गांजा लीगल झाला, कॅनडात झाला, आपल्याकडे पण करून टाकायला पाहिजे, सरकारला टॅक्स मिळेल. माझे मोठे भाऊ ताट सरकवून उठले, ते म्हणतात पिणाऱ्याला पण दहा दहा वर्षं आत टाका. मला दोघांचंही पटत नाही आणि दोघांना उत्तरही देता येत नाही. आमच्या गल्लीतला एक पोरगा दोन महिन्यांपूर्वी पुडीसकट धरला गेला, तेव्हापासून त्याची आई ओट्यावर पण बसत नाही. तुम्हीच सांगा, नशा कायदेशीर करावी का?

उत्तर : भाऊ, तुमच्या घरात भांडण झालं कारण दोघं दोन वेगळ्या गोष्टींवर बोलत होते आणि शब्द मात्र एकच वापरत होते. लीगल करणं म्हणजे विकायला, पिकवायला परवाना देणं, कॅनडानं २०१८ साली केलं तसं, तिथं सरळ दुकानं आहेत. दुसरी गोष्ट म्हणजे विकणाऱ्याला गुन्हेगारच ठेवायचं, पण स्वतःपुरतं थोडंसं बाळगणाऱ्याला गुन्हेगार म्हणायचं नाही. पोर्तुगाल २००१ पासून हेच करतंय. जर्मनी मध्येच कुठंतरी आहे, एप्रिल २०२४ पासून मोठ्या माणसाला २५ ग्रॅम जवळ ठेवता येतो, घरी ३ झाडं लावता येतात, पण दुकान टाकून विकता येत नाही. पोऱ्याला सांगा, आधी यातलं कोणतं पाहिजे ते ठरव.

आणि मोठ्या भाऊंना सांगा की नुसतं ओढल्याबद्दल दहा वर्षं आजच्या कायद्यात पण नाहीत. १९८५चा एनडीपीएस म्हणजे अमली पदार्थांचा कायदा आहे, त्यात कलम २७ प्रमाणे गांजा ओढला तर जास्तीत जास्त ६ महिने, हेरॉईन किंवा कोकेन घेतलं तर १ वर्ष. खिशात पुडी सापडली तर कलम २०, आणि १ किलोपर्यंत गांजा हे अल्प प्रमाण धरतात, त्याला १ वर्षापर्यंत. २० किलोच्या वर सापडला की व्यापारी प्रमाण, तिथं १० ते २० वर्षं. म्हणजे पिणारा आणि ट्रकनं नेणारा यांच्यात फरक करायचा हे कायदा करणाऱ्यांना पण कळत होतं.

पण कागदावरची शिक्षा हीच सगळी शिक्षा नसते ना. मी ३० वर्षं धुळे-जळगावकडे फौजदारी केसेस चालवल्या. एक पोरगा होता, आयटीआय झालेला, बापाचं पंक्चरचं दुकान, त्याच्याकडे ४० ग्रॅम गांजा सापडला. चाळीस ग्रॅम! केस ६ वर्षं चालली, कधी सीएचा म्हणजे सरकारी लॅबचा तपासणी रिपोर्ट आलेला नाही, कधी पंच हजर नाही, कधी आरोपीच आजारी, आणि दर तारखेला बाप दुकान बंद करून यायचा. शेवटी पंच फितूर झाले आणि पोरगा सुटला. पण तोवर कंपनीतली नोकरी पोलीस व्हेरिफिकेशनमध्ये गेली होती, लग्न मोडलं होतं, आणि गांजा ओढणारा पोरगा दारूवर आला होता, कारण दारूला कोणी धरत नाही. सहा वर्षांत एकदाही त्याला कोणी विचारलं नाही की बाबा तू का ओढतो, तुला सोडायचंय का. मी पण नाही विचारलं. माझं काम त्याला सोडवण्याचं होतं, मी सोडवला, आणि ती गोष्ट मला अजून टोचते.

म्हणून माझं मत स्पष्ट सांगतो. पिणाऱ्याला, व्यसनात अडकलेल्याला गुन्हेगार धरणं बंद झालं पाहिजे. विक्री मात्र खुली करू नये. टॅक्सचा मुद्दा मला पटत नाही, दारूवर टॅक्स मिळतोच की, आणि त्या पैशाचं आपल्या गावात काय झालं ते बाया सांगतील, बचत गटाच्या मीटिंगला बसून बघा. एम्सनं केलेला देशभरचा सर्व्हे २०१९ साली आला, त्यात दारू पिणारे १४.६ टक्के आणि भांग-गांजा-चरस मिळून २.८ टक्के. जे दुकानात मिळतं ते जास्त लोक घेतात, यात अवघड काय आहे.

पण भाऊ, नुसता गुन्हा काढला की झालं असंही नाही, आणि हे पोऱ्याला जरा समजावून सांगा. अमेरिकेत ओरेगॉन राज्यात २०२० साली लोकांनी मतदान करून बाळगण्याचा गुन्हा काढला, १०० डॉलर दंड नाहीतर एका हेल्पलाईनला फोन करा, एवढंच. फोन फार थोड्यांनी केले, उपचाराचा पैसा उशिरा पोहोचला, रस्त्यावर उघड नशा दिसायला लागली, लोक वैतागले आणि सप्टेंबर २०२४ पासून परत गुन्हा. पोर्तुगालमध्ये तसं नाही, तिथं पकडलेला माणूस तीन जणांच्या समितीपुढं जातो, कायद्याचा जाणकार, समाजसेवक, मानसतज्ज्ञ असे लोक असतात, ते त्याच्याशी बोलतात, गरज असली तर उपचाराला लावतात, आणि उपचार खरंच मिळतो. १० दिवस पुरेल त्याच्यापेक्षा जास्त माल सापडला तर विकायला ठेवल्याचा संशय धरून केस होऊ शकते. आता आपल्याकडे बघा, त्याच एम्सच्या सर्व्हेप्रमाणे ड्रग्जच्या विळख्यात सापडलेल्या २० माणसांत जेमतेम एकाला भरती होऊन उपचार मिळालेला. पुण्याला मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र आहे, १९८६ पासून काम करतंय, पण शिरपूरहून पुण्याला महिनाभर पोराला ठेवायचं तर मजुरी करणाऱ्या घराला जमेल का? म्हणून आधी जिल्ह्याच्या सिव्हिलमध्ये व्यसनासाठी खाटा आणि डॉक्टर मागा, आणि त्याच्या जोडीला कायद्यात बदल मागा.

तुमच्या भागाबद्दल एक बोलायचंच आहे. सातपुड्याच्या पायथ्याला वनजमिनीत गांजा लावतात, कापसात, तुरीत लपवून लावतात, हे तुम्ही मला सांगायची गरज नाही. छापा पडला की झाडं उपटून जाळतात, फोटो येतो, आणि हातात बेड्या असतात त्या राखणीला बसलेल्या माणसाच्या. लागवडीला १० वर्षांपर्यंत शिक्षा आहे. ज्याचा पैसा लागलेला असतो तो गावात दिसतच नाही. पिणाऱ्यांच्या मागं धावण्यात पोलिसांचा जो वेळ जातो तो या पैशाच्या मागं लागला तर मला जास्त आनंद होईल.

आता गल्लीतल्या पोराचं. कायद्यात कलम ६४-अ आहे, ते फारसं कोणी सांगत नाही. अल्प प्रमाणाची केस असलेला व्यसनी माणूस स्वतःहून सरकारी किंवा सरकारमान्य केंद्रात उपचाराला गेला आणि उपचार पूर्ण केला तर त्याच्यावर त्या केसमध्ये खटला चालवता येत नाही. अर्धवट सोडून पळाला तर ही सवलत जाऊ शकते. कलम ३९ पण आहे, गुन्हा शाबित झाला तरी कोर्ट शिक्षेऐवजी उपचाराला पाठवू शकतं. त्याच्या वकिलाला हे दोन आकडे लिहून द्या, लाजू नका. आणि १४४४६ ही व्यसनमुक्तीची सरकारी हेल्पलाईन आहे, फुकट आहे. तुमच्या घरच्यांना त्या माऊलीकडे चहाला पाठवा, नंबर त्यांच्याच हातून द्या.

प्रश्न : काका, मी अमळनेरहून. आमचं मेडिकल आहे. पोरं येतात आणि झोपेच्या गोळीची स्ट्रीप मागतात, ज्याला ते कुत्ता गोली म्हणतात. नाही म्हटलं तर म्हणतात, गोळी तर लीगल आहे, कंपनी बनवते, मग द्यायला काय होतं?

उत्तर : ताई, ती अल्प्राझोलम. गोळी लीगल, पण चिठ्ठीशिवाय देणं लीगल नाही. ती शेड्युल एच-१ मध्ये आहे, डॉक्टरचं नाव, पेशंटचं नाव, किती दिली हे वेगळ्या रजिस्टरमध्ये लिहावं लागतं आणि ते रजिस्टर ३ वर्षं सांभाळावं लागतं. शिवाय ती एनडीपीएसच्या यादीत पण आहे, म्हणजे फक्त लायसन्सचा प्रश्न नाही. चिठ्ठी नसेल तर देऊ नका, दम दिला तर दुकानातल्या कॅमेऱ्याचं फुटेज ठेवा आणि असोसिएशनच्या लोकांना घेऊन पोलीस स्टेशनला जा, एकट्या जाऊ नका. एक मात्र लक्षात ठेवा, जो पोरगा रोज घेतोय त्यानं ती एकदम बंद केली तर फिट येऊ शकते. ओळखीतला असेल तर नुसतं हाकलून देऊ नका, आईबापाला सांगा की याला डॉक्टरकडे न्या, गोळी हळूहळू कमी करावी लागते.