गाडीतलं इंटरनेट वारंवार तुटतं. डीलर टेलिकॉम कंपनीकडे बोट दाखवतो

प्रश्न : पत्नीच्या नावावर आम्ही १४ महिन्यांपूर्वी इलेक्ट्रिक कार घेतली. पहिल्या काही महिन्यांतच गाडीतलं मोबाइल इंटरनेट तुटायला लागलं. नकाशा मध्येच अडकतो, वाटेतली चार्जिंग स्टेशनं चालू आहेत की बंद ते दिसत नाही, ॲपवर बॅटरीची टक्केवारी कालचीच असते आणि घरून एसी सुरू करायला गेलं तर 'गाडीशी संपर्क होऊ शकला नाही' एवढाच निरोप येतो. वर्कशॉपमध्ये चार वेळा गाडी नेली. दर वेळी 'सॉफ्टवेअर अपडेट केलं' असं सांगून परत दिली. आता म्हणतात, नेटवर्कचा प्रश्न आहे, टेलिकॉम कंपनीला विचारा. टेलिकॉम कंपनी म्हणते, हा नंबर तुमच्या नावावर नाही. त्यातच कनेक्टेड सेवेचं (गाडीतलं इंटरनेट आणि ॲप) पहिलं मोफत वर्ष संपलं आणि रिन्यूअल केल्याशिवाय गाडी तपासणारच नाही, असं डीलरचं म्हणणं आहे. वॉरंटी ३ वर्षांची आहे. गाडी बदलून मागता येईल का? आणि तोवर कर्जाचे हप्ते थांबवले तर चालेल का?

उत्तर : हप्त्यांचं आधी सांगतो, कारण तिथे घाई केलीत तर नुकसान तुमचंच आहे. हप्ते थांबवू नका. कर्जाचा करार तुमच्यात आणि बँकेत आहे; गाडी सदोष निघाली म्हणून बँकेचं येणं थांबत नाही. हप्ता चुकला की दंडाचं शुल्क, क्रेडिट स्कोअरला फटका आणि पुढे गाडी ओढून नेण्याची नोटीस. असं झालं की मूळ तक्रार बाजूला राहते आणि तुम्हीच थकबाकीदार म्हणून उत्तरं देत बसता.

आता मुख्य मुद्दा. गाडीतलं सिम तुम्ही घेतलेलं नाही. ते गाडीच्या टेलिमॅटिक्स युनिटमध्ये, म्हणजे गाडीला इंटरनेटने कंपनीच्या सर्व्हरशी जोडणाऱ्या भागात, कायमचं बसवलेलं ई-सिम असतं, यंत्राने यंत्राशी बोलण्यासाठी दिलेलं. आपल्याकडे अशा सिमसाठी १३ अंकी क्रमांकांची वेगळी मालिका आहे. टेलिकॉम कंपनीच्या दृष्टीने ग्राहक आहे गाडी बनवणारी कंपनी किंवा तिने नेमलेली सेवा देणारी संस्था. म्हणून टेलिकॉम कंपनीने तुम्हाला परत पाठवलं यात फारसं वावगं नाही. वावगं आहे ते डीलरचं 'तिकडे जा' म्हणणं. कनेक्टेड सेवा तुम्हाला विकली गाडी कंपनीने, तिची जाहिरात केली तिने, किमतीत ती धरली तिने. तिने पुढे कोणत्या टेलिकॉम कंपनीशी काय करार केला, हा तिचा प्रश्न. सेवा कमी पडली तर उत्तर तिनेच द्यायचं आहे.

पण हे ग्राहक आयोगासमोर टिकवायचं असेल तर तुमची तक्रार 'नेटवर्क नीट नाही' एवढ्या शब्दांत असून चालणार नाही. कारण कंपनीचा वकील पहिला प्रश्न विचारेल, तुमच्या भागात रेंज आहे का? बेसमेंटमध्ये लावलेली गाडी ॲपला सापडली नाही तर तो दोष नव्हे. बरेच दिवस उभी असलेली गाडी १२ व्होल्टची छोटी बॅटरी (गाडी पळवणारी मोठी नव्हे) वाचवण्यासाठी मॉडेम, म्हणजे नेटवर्क पकडणारा भाग, झोपवते आणि पहिल्या आज्ञेला उशिरा जागी होते, तोही दोष नव्हे. कंपनीच्या ताब्यात काय आहे आणि काय नाही, ही रेघ तुम्हीच आधी आखून दाखवली पाहिजे. सुदैवाने त्याला मोठी यंत्रसामग्री लागत नाही.

उघड्या जागेवर गाडी उभी करा. गाडीचं सिम ज्या टेलिकॉम कंपनीचं आहे त्याच कंपनीचं सिम असलेला फोन गाडीत ठेवा. फोनवर डेटा चालतो आणि गाडीच्या पडद्यावर रेंजच्या दांड्या शून्य किंवा फुलीचं चिन्ह, असं दिसलं तर दोन्ही एकाच चौकटीत येतील असा व्हिडिओ घ्या, फोनवरचं घड्याळ दिसेल असा. मग फोनचा हॉटस्पॉट सुरू करून गाडी वायफायने जोडा. नकाशा लगेच सुरळीत झाला तर पडदा आणि त्यातलं सॉफ्टवेअर बरं आहे, संशय मॉडेम, अँटेना किंवा सिमच्या प्रोफाइलकडे जातो. एक सावधगिरी मात्र ठेवा. हॉटस्पॉटने नकाशा चालला तरी ॲपवरच्या आज्ञा सहसा टेलिमॅटिक्स युनिटमधूनच जातात, त्यामुळे एसी तरीही सुरू होणार नाही. त्याने गोंधळून जाऊ नका. उलट गाडीत रेंज पूर्ण आहे, नकाशा पळतो आहे आणि फक्त ॲप मेलेलं आहे, असं असेल तर दोष कंपनीच्या सर्व्हरकडे किंवा खात्याच्या जोडणीकडे असण्याची शक्यता जास्त. १२ व्होल्टची बॅटरी अशक्त झाली तरी मॉडेम पुन्हा पुन्हा रीस्टार्ट होऊ शकतो, तेव्हा तिची तपासणी वर्कशॉपकडून लेखी मागा. स्वतः युनिट उघडू नका, बाहेरच्या माणसाकडून अँटेना बदलून घेऊ नका. तसं केलंत तर वॉरंटी नाकारायला कंपनीला आयतं कारण मिळेल.

यापुढचं सगळं जॉब कार्डावर, म्हणजे गाडी देताना वर्कशॉप तक्रार लिहून घेतं त्या कागदावर, अवलंबून आहे. चार वेळा गाडी नेली म्हणता. चारही जॉब कार्डांवर तक्रार काय शब्दांत लिहिली आहे ते आज बघा. बहुतेक ठिकाणी सर्व्हिस ॲडव्हायझर 'जनरल चेकअप' किंवा 'सॉफ्टवेअर अपडेट' एवढंच टाइप करतो आणि ग्राहक खाली सही करतो. आयोगासमोर मग चार तक्रारी नाहीत, चार नेहमीच्या सर्व्हिसिंग आहेत असं चित्र उभं राहतं. पुढच्या खेपेला तुमच्या शब्दांत लिहून घ्या : 'गाडीतील मोबाइल डेटा वारंवार खंडित होतो, अमुक तारखांना अमुक ठिकाणी, त्याच कंपनीचा फोन चालू असताना.' लिहून देत नसतील तर तिथेच उभं राहून डीलर आणि कंपनी दोघांच्या ग्राहक सेवेच्या ईमेलवर तेच पाठवा आणि जॉब कार्डाचा क्रमांक त्यात घाला. गाडी परत घेताना 'दोष आढळला नाही' असं लिहिलं असेल तर सही करताना बाजूला लिहा, 'दोष कायम आहे'. तीनच शब्द, पण पुढे तेच उपयोगी पडतात.

रिन्यूअलची अट मला पटत नाही. सेवेचं वर्गणीचं वर्ष आणि गाडीची वॉरंटी या दोन निराळ्या गोष्टी. मॉडेम, अँटेना, टेलिमॅटिक्स युनिट हे गाडीचे भाग आहेत. वॉरंटी पुस्तिकेत ते वगळलेले नसतील तर ३ वर्षं त्यांची दुरुस्ती कंपनीवर आहे, वर्गणी भरलेली असो वा नसो. पुस्तिकेतलं वगळलेल्या भागांचं पान नीट वाचा. तरीही सिम बंद असताना दोष दाखवता येत नाही, ही डीलरची अडचण अगदीच खोटी नाही. म्हणून एक व्यवहार्य वाट : तपासणीपुरतं सिम चालू करून द्या, अशी लेखी मागणी करा. नाहीच ऐकलं तर सर्वांत कमी मुदतीची वर्गणी भरा आणि त्याच दिवशी ईमेल करा की पैसे हरकत नोंदवून भरले आहेत, पहिल्या वर्षात सेवा नीट मिळाली नाही आणि परताव्याचा हक्क राखून ठेवला आहे.

गाडी बदलून मिळेल का? ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम ३९ खाली आयोग दोष दूर करण्याचा, वस्तू बदलून देण्याचा, किंमत परत करण्याचा आणि भरपाईचा आदेश देऊ शकतो. अधिकार आहे, पण तुमच्या प्रकरणात तो वापरला जाईल असं मला वाटत नाही. मारुती उद्योग विरुद्ध सुशील कुमार गबगोत्रा या २००६ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं होतं की वॉरंटीची जबाबदारी सदोष भाग दुरुस्त करण्याची किंवा बदलून देण्याची असेल, तर अख्खी गाडी बदलून देण्याचा आदेश टिकत नाही. तुमची गाडी चालते, चार्ज होते, ब्रेक लागतात. नवी गाडी मागितलीत तर समोरच्या बाजूचं निम्मं काम तुम्हीच केलंत. मागणी अशी ठेवा : टेलिमॅटिक्स युनिट आणि अँटेना नवीन, बदललेल्या भागांवर बदलल्या तारखेपासून पुढे वॉरंटी, बिघाडाच्या काळातल्या वर्गणीचा परतावा किंवा तितकी मुदतवाढ, मानसिक त्रास आणि खर्चाची वाजवी रक्कम. दुरुस्ती करूनही दोष राहिला तरच पर्यायी मागणी म्हणून किंमत परत मागा. गाडीतलं आपत्कालीन मदतीचं बटण याच युनिटवर चालत असेल आणि तेही बंद पडत असेल, तर हा मुद्दा तक्रारीत सगळ्यांत वर घ्या. तिथे प्रश्न सोयीचा राहत नाही, सुरक्षेचा होतो.

काही वकील अशा नोटिशीत याच कायद्यातलं 'उत्पादन दायित्व' (सदोष वस्तूमुळे झालेल्या हानीची भरपाई) हे प्रकरणही घालतात. वाचायला भारदस्त दिसतं, पण त्या प्रकरणातल्या हानीच्या व्याख्येतून खुद्द वस्तूचं नुकसान वगळलेलं आहे. तुमचा दावा 'दोष' आणि 'सेवेतील त्रुटी' या दोन पायांवर उभा करा. माहितीपत्रकात जे छापलं ते मिळालं नाही म्हणून 'अनुचित व्यापारी प्रथा' जोडा. त्यासाठी बुकिंगच्या वेळचं माहितीपत्रक आणि कंपनीच्या संकेतस्थळावरच्या त्या पानाचे स्क्रीनशॉट जपा, तळाच्या फुलीच्या बारीक टिपेसकट.

ती बारीक टीप बहुधा अशी असेल : 'सेवा नेटवर्कच्या उपलब्धतेवर अवलंबून.' ती वाचून हातपाय गाळू नका. नेटवर्क नसेल तर सेवा नाही, एवढाच तिचा अर्थ. मॉडेमच बिघडला तरी आमची जबाबदारी नाही, असा तो होत नाही. वर सांगितलेला फोनचा व्हिडिओ याचसाठी. ही अट अन्याय्य करार म्हणून रद्द करा, अशी स्वतंत्र मागणी मात्र करू नका. अन्याय्य करारांच्या तक्रारी राज्य आयोगाच्या अखत्यारीत येतात, जिल्हा आयोगाच्या नाही, आणि त्या एका ओळीपायी तुमची तक्रार अधिकारक्षेत्राच्या वादात अडकेल.

तक्रार पत्नीच्या नावाने करा, कारण आरसी आणि बिल त्यांच्या नावावर आहे. खरेदीदाराच्या संमतीने वस्तू वापरणाराही कायद्याने ग्राहकच, त्यामुळे तुम्ही दुसरे तक्रारदार होऊ शकता. सामनेवाले, म्हणजे ज्यांच्याविरुद्ध तक्रार आहे ते, दोघे : कंपनी आणि डीलर. टाटा मोटर्स विरुद्ध अँटोनिओ पाउलो वाझ या २०२१ च्या निकालानंतर डीलरने केलेल्या गोष्टीसाठी कंपनीला सरसकट जबाबदार धरता येत नाही, तेव्हा कोणी काय केलं ते वेगवेगळ्या परिच्छेदांत लिहा. तपासणी नाकारली डीलरने, सदोष युनिट बसवलं आणि सेवा विकली कंपनीने. टेलिकॉम कंपनीला तिसरी सामनेवाली करावी का? ग्राहक आयोगांना टेलिकॉम सेवेच्या तक्रारी ऐकता येतात, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ साली स्पष्ट केलं आहे. पण तिच्याविरुद्ध तुमच्या हातात सध्या काही नाही. गाडी कंपनीने लेखी उत्तरात तिच्यावर दोष टाकला तर मग बघू.

सगळ्यांत चांगला पुरावा तुमच्याकडे नाही, कंपनीकडे आहे. गाडी सर्व्हरशी कधी बोलली, मॉडेम किती वेळा रीस्टार्ट झाला, सिग्नल किती होता, याच्या नोंदी तिच्याकडे सहसा असतात. नोटिशीतच त्या मागा आणि जपून ठेवायला सांगा. दिल्या नाहीत तर आयोगाला कलम ३८ खाली कागदपत्रं हजर करायला लावण्याचे दिवाणी न्यायालयाचे अधिकार आहेत, तसा अर्ज द्या. प्रयोगशाळेतल्या तपासणीचीही तरतूद त्याच कलमात आहे, फक्त तिचं शुल्क आधी तुम्हाला भरावं लागतं. तुमचे व्हिडिओ आणि स्क्रीनशॉट दाखल करताना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं, म्हणजे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठीचं, प्रमाणपत्र जोडा. मूळ फाइल फोनमधून पुसू नका. व्हॉट्सॲपवरून फिरलेल्या प्रतीत मूळ तपशील राहत नाही.

आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवून बघा. काही वेळा तेवढ्यानेच कंपनीचा तांत्रिक माणूस दारात येतो. नाही आला तर वकिलाची नोटीस, १५ दिवसांची मुदत आणि मग जिल्हा ग्राहक आयोग. गाडीसाठी दिलेला मोबदला ५० लाखांपर्यंत असेल तर तक्रार तिथेच, आणि तुम्ही राहता त्या जिल्ह्यात चालते. कंपनीच्या मुख्यालयाच्या गावी जावं लागत नाही. ई-जागृती पोर्टलवर ती घरबसल्या दाखल करता येते. शुल्क १० ते २० लाखांच्या मोबदल्यावर ४०० रुपये, २० ते ५० लाखांवर १,००० रुपये. सामनेवाल्यांना उत्तरासाठी ३० दिवस आणि फार तर आणखी १५ दिवस मिळतात, त्यापुढे नाही. निकालासाठी कायद्यात ३ महिने आणि तपासणी लागली तर ५ महिने लिहिलेत; प्रत्यक्षात तारखा त्याहून लांबतात, मनाची तशी तयारी ठेवा.

तक्रारीची मुदत कारण घडल्यापासून २ वर्षं आहे. ती पहिल्या जॉब कार्डाच्या तारखेपासून मोजा, म्हणजे वादच नको. नोटिसा आणि ईमेल पाठवत राहिल्याने ही मुदत वाढत नाही, आणि वॉरंटी ३ वर्षांची आहे म्हणून तक्रारीलाही ३ वर्षं मिळतात असंही नाही.