शेल्टरमधून आणलेला कुत्रा मांजरीच्या मागे लागतो, जुन्या कुत्रीवर तुटून पडतो. काय करावं?

तुमच्या प्रश्नातून मला कळलं ते असं: साधारण दोन वर्षांचा नर शेल्टरमधून आणून दहा दिवस झाले. मांजर दिसली की तो सुसाट सुटतो, त्यामुळे ती कपाटावरून खाली उतरायचं नाव घेत नाही. आठ वर्षांच्या जुन्या कुत्रीवर तो वाडग्यापाशी दोनदा धावून गेला, रक्त आलं नाही. तुम्ही ओरडून पाहिलं, उपयोग झाला नाही.

होणारही नाही. कुत्र्याला पाठलागासाठी वेगळं बक्षीस लागत नाही, पाठलाग हेच बक्षीस असतं. नजर रोखायची, दबा धरायचा, धावायचं, पकडायचं ही साखळी त्याच्यात उपजत आहे आणि दर खेपेला ती अजून पक्की होते. म्हणजे तुम्ही ओरडता तेव्हा त्याचा सराव चालू असतो. म्हणून शिकवण्याच्या आधी सराव बंद पाडायचा. आज रात्रीपासून नव्याला बाकी दोघींपासून वेगळं ठेवा. यांची भेट झालीच नाही असं समजा आणि ओळख पहिल्यापासून करून द्या.

वेगळं ठेवताना बरेच जण उलटं करतात. नव्याला मोकळं वाटावं म्हणून मांजरीला खोलीत कोंडतात. मग तिचं घर तिच्या हातून जातं आणि नव्याला एकदम सगळं घर राखायला मिळतं. त्यापेक्षा नव्याला एक लहान, शांत खोली द्या, बाकीचं घर जुन्यांचं. दार कधीतरी कोणाकडून तरी उघडं राहणारच, म्हणून दार आणि त्याच्या बाहेर बेबी गेट असे दोन अडथळे हवेत. गेट नुसतं दाबून बसवलेलं नको, भिंतीला स्क्रूने पक्कं केलेलं, निदान 1 मीटर उंच. क्रेट, म्हणजे कुत्र्याचा घरातला पिंजरा, वापरणार असाल तर त्यात उभं राहता, वळता आणि पाय पसरून झोपता आलं पाहिजे. पण पिंजऱ्यात महिनोन्‌महिने काढलेले काही कुत्रे क्रेट दिसला तरी धापा टाकतात, लाळ गाळतात. त्यांच्यासाठी खोलीच बरी.

शेल्टरवाले तीन दिवस, तीन आठवडे, तीन महिने असा एक ठोकताळा सांगतात: पहिले तीन दिवस भेदरलेपणाचे, तीन आठवड्यांत दिनक्रम कळतो, तीन महिन्यांत घर आपलं वाटू लागतं. कॅलेंडर म्हणून तो धरू नका, पण दहाव्या दिवशी तुम्हाला दिसतोय तो त्याचा कायमचा स्वभाव नव्हे, एवढं त्यातून घ्या. या काळात पाहुणे, बाजार, इतर कुत्र्यांच्या गाठीभेटी सगळं बंद. त्याला झोप भरपूर लागते. सकाळी फटाका, दुपारी दारावरची बेल, संध्याकाळी मांजर, असा ताण साचत जातो आणि स्फोट शेवटच्या गोष्टीवर होतो.

याच आठवड्यात पशुवैद्याकडे न्या. कान, दात, कंबर, त्वचा नीट तपासून घ्या, कारण दुखणाऱ्या कुत्र्याला कितीही शिकवलं तरी तो चावतो. शेल्टरमधला खोकला संसर्गानंतर साधारण 2 ते 14 दिवसांत दिसतो, जंत आणि जिआर्डिया हा आतड्यातला परजीवीही सोबत येतात. म्हणून पहिले दोन आठवडे वाडगी आणि अंथरुणं वेगळी ठेवणं तसंही शहाणपणाचं. जुन्या कुत्रीची आणि मांजरीची लसही तपासा. त्याची नसबंदी नुकतीच झाली असेल तर हार्मोनचा परिणाम ओसरायला काही आठवडे जातात.

आता कुत्रीचं. हे मांजरीपेक्षा सोपं आहे. तुमच्या वर्णनावरून तो तिच्याशी भांडत नाही, वाडगं राखतोय. तेव्हा दोघांना वेगळ्या खोल्यांत, बंद दाराआड वाढा. 15 मिनिटांनी वाडगी उचला, जमिनीवर सांडलेले दाणे वेचा आणि मगच दार उघडा. कुत्रे फक्त अन्न राखतात असंही नाही. चघळायचं हाड, खेळणं, सोफा, अरुंद दरवाजा, इतकंच काय, तुमची मांडीही राखली जाते. चघळायच्या वस्तू एकत्र असताना जमिनीवर नकोतच. 'सवय व्हावी' म्हणून जेवणाऱ्या कुत्र्याच्या वाडग्यात हात घालायचा सल्ला तुम्हाला कोणी ना कोणी देईलच. ऐकू नका. त्यातून तो एवढंच शिकतो की माणूस जवळ आला की जेवण जातं. तो जेवत असताना, अंग ताठ होणार नाही एवढ्या अंतरावरून जा, वाडग्यातल्यापेक्षा चांगला तुकडा टाका आणि थांबू नका, पुढे निघून जा. काही दिवसांत तुमची चाहूल लागली की तो मान वर करून शेपूट हलवेल. मग अंतर अर्ध्या मीटरने कमी करा.

भेट घराबाहेर, दोघांच्याही मालकीची नसलेल्या जागी. दोन माणसं, दोन पट्टे, दोघं एकाच दिशेने चालताहेत, मध्ये निदान 10 मीटर. समोरासमोर आणायचं नाही. कुत्र्यांमध्ये सरळ नाकासमोर चालून येणं हा उद्धटपणा असतो. दोघंही खाऊ घेताहेत, जमीन हुंगताहेत असं दिसलं की एक-दोन मीटर जवळ. जवळ आल्यावर एकाला दुसऱ्याच्या मागून हुंगू द्या, तीनपर्यंत मोजा, हाक मारून बाजूला घ्या. पट्टा सैल हवा. ताणलेल्या पट्ट्यामुळे छाती पुढे येते, मान वर होते आणि समोरच्याला ते आव्हान वाटतं. अशा पाच-सहा फेऱ्या शांतपणे झाल्या की त्याच फेरीच्या शेवटी दोघांना बरोबर घरात आणा. वाडगी, खेळणी आधीच उचललेली असू द्या.

मांजरीला वेळ लागेल, आठवडे, कधी महिने. आधी तिची सोय बघा. जमिनीवर पाय न टेकता खोली पार करता येईल अशी फळ्यांची, कपाटांची वाट तिला हवी. लिटर बॉक्स आणि पाणी कुत्र्याला पोचताच येणार नाही अशा ठिकाणी ठेवा. (कुत्र्याला लिटर बॉक्समधला ऐवज मेजवानी वाटतो, हेही एक कारण.) ती पूर्ण दिवस काही खात नसेल तर पशुवैद्याला फोन करा. उपाशी मांजरीच्या यकृतात चरबी साचते आणि ते जिवावर बेततं. बोका असेल आणि लघवीला बसून कुंथत असेल तर त्याच क्षणी निघा.

पहिले तीन-चार दिवस फक्त वास. मऊ कापड मांजरीच्या गालांवरून फिरवा, तिथे तिच्या वासाच्या ग्रंथी असतात. ते त्याच्या वाडग्याजवळ ठेवा, त्याच्या अंगाचं कापड तिच्या जेवणाजवळ. मग बंद दाराच्या दोन्ही बाजूंना जेवण, आधी दोन-तीन मीटर लांब. मग दार उघडं, गेटवर चादर. ती चादर रोज वीतभर वर करत न्या.

दिसायला लागले की खरा धडा सुरू. तो हार्नेसवर (छातीभोवतीचा पट्टा), दोरी तुमच्या हातात, आधी फिरवून आणलेला. मांजर गेटपलीकडे 4-5 मीटरवर, तिची वाट मोकळी. त्याने तिच्याकडे पाहिलं, की नजर अडकायच्या आत 'छान' म्हणा आणि वाटाण्याएवढा तुकडा द्या. पुन्हा पाहिलं, पुन्हा 'छान'. काही दिवसांत तो तिला पाहून स्वतःहून तुमच्याकडे वळेल. तेच हवं आहे. एका वेळी 3 ते 5 मिनिटं, दिवसातून दोनदा, जास्त नाही. रोजच्या खाण्यातला साधारण दहावा हिस्साच खाऊ असावा, म्हणून जेवणातलेच दाणे वापरले तरी चालेल. खाऊ नाकासमोर धरूनही घेत नसेल तर तुम्ही फार जवळ आहात, मागे जा.

इथे एक गल्लत होते. भुंकणारा, उड्या मारणारा कुत्रा लोकांना भयंकर वाटतो आणि गप्प उभा राहून टक लावणारा शहाणा. माझ्या मते जास्त धोका गप्प असलेल्याकडून. तोंड मिटलेलं, कान पुढे, एक पाय उचललेला, हाकेला कानही हलत नाही, हा शिकारीचा पवित्रा आहे. त्यात राग नसतो, म्हणून गुरगुरही नसते. आणि बसलेल्या मांजरीपुढे शांत राहणं म्हणजे परीक्षा पास नव्हे. मांजर उडी मारते, पळते, तेव्हा काय होतं ते गेटआडूनच बघा. ओळीने दहा-बारा वेळा तो सैल अंगाने वळला, तर गेट उघडा, पण त्याच्या अंगावर दोन मीटरचा ओढता पट्टा राहू द्या. त्याला हाताचा फास नको, नाहीतर खुर्चीच्या पायात अडकतो. तुम्ही घरी नसताना दोघं एकत्र नकोत, कित्येक महिने तरी नाहीच. घरात जमलं म्हणजे अंगणातही जमेल असं नाही. ससा, गिनीपिग, पक्षी असतील तर हा प्रयोगच करू नका. तिथे कायम कडीबंद दार.

गुरगुरला तर ओरडू नका. गुरगुर ही सूचना आहे. ती दाबली की कुत्रा सूचनेशिवाय चावायला शिकतो. त्याआधीच्या खुणा ओळखायला शिका: ओठ चाटणं, डोळ्यांचा पांढरा भाग दिसणं, अंग एकदम थिजणं. थिजला की तुम्ही चालायला लागा आणि त्याला हसऱ्या आवाजात सोबत बोलवा. 'मालक कोण ते दाखवा, उताणं पाडा' वाल्यांना हात जोडा. लांडग्यांतल्या वर्चस्वाची कल्पना रुडॉल्फ शेंकेल यांनी 1947 मध्ये बंदिवासातल्या लांडग्यांवरून मांडली. रानातला कळप म्हणजे बहुधा आई-बाप आणि त्यांची पोरं, हे पुढे लांडग्यांचे अभ्यासक डेव्हिड मीच यांनी दाखवलं.

जुंपलीच, तर हात मध्ये घालू नका, कॉलर धरू नका. जोरात थाळी आपटा, पाणी ओता, खुर्ची किंवा फळी मध्ये सरकवा, एकावर घोंगडी टाका. काहीच चाललं नाही आणि माणसं दोन असतील, तर एकाच वेळी दोघांचे मागचे पाय उचलून मागे खेचा. मात्र एकाने दुसऱ्याला घट्ट पकडलेलं असेल तर खेचल्याने जखम फाटते, तिथे फळी-घोंगडीच. मग केस बाजूला करून भोकं शोधा. दाताची जखम वरून टिचभर आणि आतून खोल असते, म्हणून पशुवैद्याकडे जायचंच. माणसाला दात लागला तर साबण आणि वाहत्या पाण्याने 15 मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे.

मझल, म्हणजे चावू नये म्हणून तोंडावर बसवायचं आवरण, आत्तापासून शिकवून ठेवा. जाळीची टोपली हवी, तिच्यातून तोंड उघडून धापता आणि पाणी पिता येतं. तोंड आवळणारी कापडी नको. आठवडाभर नुसतं टोपलीत तोंड घालून खाऊ खायचा, पट्टा त्यानंतर. सगळं शांत चालू असतानाही अधूनमधून घाला, नाहीतर मझल म्हणजे मांजर येणार असं समीकरण बसतं.

परत करायचा विचार कधी? चाव्यांची तीव्रता मोजायला पशुवैद्य आणि कुत्र्यांच्या वर्तनाचे जाणकार इयान डनबार यांची सहा पायऱ्यांची पट्टी वापरतात. नुसता हवेत चावणं पहिली पायरी, दात लागले पण भोक नाही ती दुसरी. तुम्ही फार तर तिथे आहात, आणि तिथून बरंच सुधारतं. चौथ्या पायरीला निदान एक भोक सुळ्याच्या अर्ध्या लांबीहून खोल जातं. तिथे पोचलात, किंवा सहा-आठ आठवडे सगळं करूनही मांजर दिसताच तो खाऊ, हाक, सगळं विसरत असेल, तर पशुवैद्याकडून प्राण्यांच्या वर्तनाच्या जाणकाराचं नाव घ्या. औषधाचाही पर्याय असतो. फ्लुओक्सेटीनसारख्या, मनाची अस्वस्थता कमी करणाऱ्या गोळीचा परिणाम दिसायला 4 ते 6 आठवडे लागतात, आणि ती मनाने सुरू किंवा बंद करायची नाही. त्या भेटीला जाताना तारीख, मांजर किती मीटरवर होती, त्याने काय केलं आणि किती सेकंदांनी वळला, एवढं रोज लिहिलेली वही आणि दोन-तीन व्हिडिओ न्या. मांजरीशिवायच्या घरात त्याला पाठवायची वेळ आली, तर तीच वही शेल्टरकडे द्या, दोन्ही चकमकींच्या नोंदींसकट.