प्रौढ घोडीला इंग्रजीत काय म्हणतात? 'फीमेल हॉर्स' चालेल का?

तुम्ही लिहिलंय की मुलगी सहावीत आहे, शाळेत प्राण्यांचे नर-मादी इंग्रजीतून पाठ करायला दिलेत, गाय, म्हैस, कोंबडी सगळं येतं आणि घोडीपाशी गाडी अडते. प्रौढ घोडीला नेमका शब्द कोणता, 'फीमेल हॉर्स' लिहिलं तर चालेल का आणि हा शब्द डोक्यात बसवायचा कसा, असे तुमचे तीन प्रश्न.

शब्द आहे 'मेअर'. स्पेलिंग एम, ए, आर, ई. 'फीमेल हॉर्स' लिहिलं तर अर्थ कळतो, व्याकरणही चुकत नाही, पण घोड्यांशी संबंध असलेलं कुणी तसं बोलत नाही. आपण तरी 'मादी घोडा' कुठे म्हणतो? पेपरात मेअरच लिहायला सांगा.

आता तिसरा प्रश्न, लक्षात ठेवण्याचा. मी पशुवैद्य आहे. महूच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकले आणि इथे इंदुरात वरातीच्या घोड्या तपासण्यात माझी बरीच वर्षं गेली. म्हणून जरा सविस्तर लिहिते. मेअर म्हटलं की मादी एवढंच कळत नाही, तिचं वयही कळतं. हे वयाचं प्रकरण मुलीला एकदा समजलं की शब्द वेगळा घोकावा लागणार नाही.

आपल्याकडे शिंगरूपण सरलं की मादी ती घोडी. इंग्रजीत मधे आणखी एक पायरी आहे. साधारण चार वर्षांची होईपर्यंत ती 'फिली' आणि त्यानंतर 'मेअर'. रेसच्या घोड्यांत ब्रिटनसारख्या देशांत ही रेघ आणखी पुढे, पाचव्या वर्षावर ओढतात. मुंबईला महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर इंडियन ओक्स आणि इंडियन १००० गिनीज या शर्यती होतात, त्या फक्त फिलींच्या.

चार-पाच वर्षांचीच रेघ का, हे घोडीचं तोंड उघडलं की दिसतं. पुढचे दात आणि दाढा यांच्यात बोटं शिरतील एवढी रिकामी जागा असते. लगामाचं कडियाळं तिथेच बसतं. त्या जागेतून हात आत घालून जीभ हलकेच बाजूला धरली की घोडी तोंड उघडते. खालच्या जबड्यात पुढे सहा दात असतात. दुधाचे दात लहान, पांढरेशुभ्र आणि हिरडीपाशी आवळलेले. कायमचे दात रुंद, लांबट आणि पिवळसर. दोन्ही शेजारी शेजारी असले की फरक मुलालाही कळतो. अडीच वर्षांच्या सुमाराला मधली जोडी पडून कायमची येते, साडेतीनला तिच्या शेजारची, साडेचारला कडेची. दोनदाती, चारदाती म्हणतात ते यावरूनच. पाच वर्षांची घोडी म्हणजे तोंड भरलेली घोडी. त्यापुढे वय काढायचं ते दातांच्या माथ्यावरच्या काळ्या खळग्यांवरून. खालच्या मधल्या जोडीतला खळगा सहाव्या वर्षाच्या आसपास झिजून जातो, शेजारचा सातव्या, कडेचा आठव्या. नंतर अंदाज सैल होत जातो. आणखी एक गोष्ट मुलीला नक्की सांगा: नर चार-पाच वर्षांचा होताना त्याला सुळे येतात, घोडीला बहुधा येत नाहीत. त्यामुळे नराचे दात साधारण ४० भरतात आणि घोडीचे ३६.

दातांपेक्षाही मला हाडांबद्दल बोलायचंय. तुमच्या प्रश्नात ते नाही, पण इंदुरात राहून घोडीबद्दल लिहायचं आणि हे सोडायचं, ते माझ्याने होणार नाही. घोडी दोन-अडीच वर्षांत उंचीने जवळपास पुरी दिसते आणि माणूस तिथेच फसतो. लांब हाडांच्या टोकाशी कूर्चेची पट्टी असते, हाड वाढतं ते तिथून. ती पट्टी हाड होऊन मिटली की वाढ संपली. खुराजवळच्या हाडांत ती पहिल्या वर्षाच्या आसपासच मिटते. पुढच्या पायाच्या गुडघ्यापाशी अडीच वर्षांच्या सुमाराला. पाठीच्या मणक्यांत सगळ्यांत शेवटी, पाच वर्षं उलटल्यावर. आणि नवरदेव बसतो तो पाठीवरच.

माळव्यात राहून आता आपल्या मराठी लग्नांतही घोडी आली आहे. घोडाच का नाही, घोडीच का, असं मला पुष्कळदा विचारतात. रीत म्हणून बरंच सांगता येईल, पण कामाचं कारण स्वभावाचं आहे. खच्ची न केलेल्या घोड्याला आसपास माजावर आलेल्या घोडीचा वास लागला की तो मोतद्दाराच्या हातात राहत नाही, आणि वरातीच्या गर्दीत ते परवडत नाही. घोडी त्या मानाने निवांत. आता त्या निवांत जनावरावर काय काय चढतं बघा. आरशांनी आणि जरीने मढवलेलं जड खोगीर, त्यावर नवरदेव, त्याच्या पुढ्यात एखादा भाचा, खाली डांबरी रस्ता आणि दोन्ही बाजूंनी हॅलोजन. पुरी वाढलेली, नीट खाऊपिऊ घातलेली मेअर हे पेलते. अडीच वर्षांची फिलीही त्या संध्याकाळी पेलताना दिसते. परिणाम मागाहून येतो. गुडघे सुजतात, खोगीर बघितलं की ती कान मागे टाकते, कण्याच्या दोन्ही बाजूंनी बोटं दाबत नेली की पाठ खाली चोरते.

म्हणून तपासायला गेले की मी आधी दात बघते. दुधाचे दात दिसले तर मालकाला सांगते, यंदाच्या लग्नसराईत हिला नुसती चालवत न्या, पाठीवर कुणी नको. चांगल्या घोडीवाल्याला हे सांगावंच लागत नाही. फिलीला इथे 'बछेडी' म्हणतात. तो बछेडीला वरातीत जाणत्या घोडीच्या शेजारून मोकळ्या पाठीने चालवतो, म्हणजे ढोल, फटाके आणि दिवे यांची भीती मोडते. शेजारची घोडी बिचकत नाही हे बघून ती पण बिचकेनाशी होते. एक हंगाम असा काढला की पुढे ती माणसाळलेली, भरवशाची मेअर होते. तुमच्या घरात लग्नकार्य असेल तेव्हा घोडी ठरवताना भाव विचाराल तसं वयही विचारा. गिऱ्हाइकाने वय विचारायला सुरुवात केली की मालकही वय बघायला लागतात, हे मी पाहिलंय.

मुलीला सगळ्यांत जास्त आवडेल तो भाग घोडीच्या आईपणाचा. शिंगराला इंग्रजीत 'फोल' म्हणतात. दिवस मोठे होऊ लागले की घोडी माजावर येऊ लागते, साधारण दर २१ दिवसांनी. गाभण राहिली की ११ महिने, म्हणजे ३४० दिवसांच्या आसपास, आणि शिंगरू जवळजवळ नेहमी एकच. रेसच्या घोड्यांचं वय आपल्याकडे आणि उत्तर गोलार्धात इतरत्र १ जानेवारीपासून मोजतात, मग जन्म कुठल्याही महिन्यातला असो. साहजिकच वर्षाच्या सुरुवातीला जन्मलेलं शिंगरू बरोबरीच्यांत थोरलं ठरतं. म्हणून स्टड फार्मवर हिवाळ्यात तबेल्यात दिवे लावून घोड्यांना दिवस मोठा झाल्याचं भासवतात, म्हणजे त्या लवकर माजावर येतात.

घोडी बहुतेक वेळा रात्रीच विते. एक-दोन दिवस आधी सडांच्या टोकांवर मेणासारखे पिवळसर थेंब जमतात; ते दिसले की मालकाने जागायची तयारी ठेवायची. पाणमोट फुटल्यावर अर्ध्या तासाच्या आत शिंगरू बाहेर यायला हवं. गायीला लागतो तेवढा वेळ इथे नसतो, उशीर झाला तर तो जिवावर बेततो. आम्हाला शिकवलेला हिशोब सोपा आहे: एका तासात शिंगरू उभं राहावं, दोन तासांत त्याने दूध ओढावं, तीन तासांत घोडीची वार पडावी. यातलं काहीही लांबलं तर डॉक्टरला फोन. नुकत्याच जन्मलेल्या शिंगराचे खूर तुम्ही कधी पाहिलेत का? खुराखाली फिकट पिवळ्या, ओल्या, रबरासारख्या मऊ बोटांचा झुपका असतो. पोटात असताना खुराच्या धारेने आईला इजा होऊ नये म्हणून ही सोय. शिंगरू धडपडत उभं राहिलं, चार पावलं चाललं की तो झुपका झिजायला लागतो आणि खालचा टणक खूर दिसू लागतो. मी कितीदा पाहिलं तरी दरवेळी थांबून बघते. आणि पहिला चीक त्याच्या पोटात गेलाच पाहिजे. घोडीच्या वारेतून रोगाशी लढणारी द्रव्यं शिंगराला मिळत नाहीत, ती सगळी चिकातून मिळतात. पहिले काही तास गेले की शिंगराचं आतडं ती शोषून घेईनासं होतं.

बाकीचे शब्द पटकन सांगते, कारण पुस्तकात तेही असतील. पूर्ण वाढलेला, खच्ची न केलेला नर 'स्टॅलियन', खच्ची केलेला 'गेल्डिंग', तरुण नर 'कोल्ट'. वंशावळीत आईला 'डॅम' आणि बापाला 'सायर' म्हणतात. पैदाशीसाठी ठेवलेली घोडी 'ब्रूडमेअर'. गाढव नर आणि मेअर यांचं पिल्लू म्हणजे खेचर, इंग्रजीत 'म्यूल'. वंशावळीवरून आठवलं, काठियावाडी घोड्यांच्या पुष्कळ घराण्यांची नावं त्यांच्या मूळ घोडीवरून पडली आहेत. तिथे आईचं नाव चालतं.

उच्चाराचं एक सांगायचं राहिलं. ब्रिटिश पद्धतीने बोललं तर शहराचा महापौर तो 'मेयर' आणि घोडी ती 'मेअर' कानाला सारखेच लागतात. लिहिताना महापौराच्या शब्दात वाय आणि ओ येतात, घोडीच्या शब्दात येत नाहीत. दुःस्वप्नाला 'नाइटमेअर' म्हणतात, त्यात मात्र घोडी नाही. झोपेत छातीवर बसणाऱ्या भुताला जुन्या इंग्रजीत तसला शब्द होता, तो तिथे शिल्लक राहिला. 'मार्शल' या शब्दाशी मात्र मेअरचं खरं नातं आहे. जुन्या जर्मन भाषांतले 'घोडा' आणि 'चाकर' हे दोन शब्द जोडून तो झाला, आणि त्यातला घोडा आणि मेअर एकाच मुळातून आलेत. म्हणजे फील्ड मार्शल मुळात घोड्यांची निगा राखणारा. आपल्याला हे नवं वाटायला नको. मराठ्यांच्या फौजेत स्वतःचा घोडा आणणारा शिलेदार आणि सरकारी घोड्यावर बसणारा बारगीर होता. पागेचा हिशोब ठेवणारे ते पागनीस, आणि आपल्या शहरात पागनीसपागा अजून आहे. होळकरांचं कुलदैवत मल्हारी मार्तंड, तेही घोड्यावर बसलेले. मुलीला राजवाड्यात नेलंत तर तिथलं मार्तंडाचं देऊळ दाखवा आणि तिथेच ही शब्दांची उजळणी करून घ्या.

त्याहून बरं म्हणजे तिला खरी घोडी दाखवा. लग्नसराई नसताना सकाळी जा, हंगामात घोड्या रात्रभर जागून दमलेल्या असतात. मालकाला आधी विचारा. घोडीच्या मागून जाऊ नका, समोरून थोडं बाजूने, तिला दिसेल असं, बोलत बोलत जा आणि खांद्यापाशी उभं राहा. गाजर द्यायचं तर उभं चिरून, तळहात सपाट ठेवून त्यावर द्या. बोटं वर राहिली तर दातांत सापडतात. मग मालकाला म्हणा, "भैया, इसके दाँत दिखाओगे?" बहुतेक जण हौसेने दाखवतात. खालचे सहा दात मुलीला मोजू द्या, दुधाचे किती आणि कायमचे किती ते बघू द्या, आणि ही फिली की मेअर ते तिलाच सांगू द्या.